प्रोग्रामर गट, स्थानिक

एकाच शहरात किंवा परिसरात राहणाऱ्या, परंतु निरनिराळ्या मालकांकडे काम करणाऱ्या सॉफ्टवेअर विकसकांनी एखादी प्रोग्रामिंग भाषा, प्रणाली किंवा तंत्र यांच्या निमित्ताने नियमितपणे एकत्र येण्यासाठी चालविलेली ऐच्छिक संघटना. सभासदत्व बहुधा विनामूल्य व खुले असते. व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि त्यानंतरची मोकळी चर्चा हा बैठकीचा क्रम सर्वपरिचित असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही. अशा गटांचा उगम आणि सभासदांच्या व्यावसायिक वाटचालीशी असलेला त्यांचा संबंध, हे या नोंदीचे मुख्य विषय आहेत.

उगम : या गटांची सुरुवात कोठून मानावी, याविषयी दोन मते आढळतात. अधिक प्रचलित मत १९७० च्या दशकातील हौशी संगणक मंडळांपासून आरंभ करते. दुसरे मत सुमारे दोन दशके मागे जाऊन मोठ्या संगणकांच्या वापरकर्त्यांच्या सहकार्यात त्यांचे मूळ शोधते.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात लॉस अँजेलिस परिसरातील विमाननिर्मिती कंपन्यांनी आयबीएम ७०१ हे संगणक घेतले, तेव्हा यंत्राबरोबर तयार प्रोग्राम फारसे मिळत नसत. प्रत्येक ठिकाणचे प्रोग्रामर आपापला असेंब्लर (सांकेतिक आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि आपापल्या गणिती आज्ञावली नव्याने लिहीत होते, आणि त्यामुळे तेच काम जवळजवळच्या अनेक कार्यालयांत पुनःपुन्हा होत होते. हा अपव्यय टाळण्यासाठी एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या या कंपन्यांतील प्रोग्रामरांनी १९५४ च्या अखेरीस ‘पॅक्ट’ हा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. पुढे ऑगस्ट १९५५ मध्ये सँटा मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनमध्ये झालेल्या बैठकीतून, आयबीएम ७०४ वापरणाऱ्या संस्थांची ‘शेअर’ ही संघटना उभी राहिली. युनायटेड एअरक्राफ्टमधील रॉय नट यांनी लिहिलेला असेंब्लर शेअरने सामाईक म्हणून स्वीकारला. स्वतःच्या कार्यालयात रचलेली गोष्ट बाजूला ठेवून दुसऱ्या कंपनीतील सहव्यावसायिकाचे काम गुणवत्तेवर स्वीकारण्याची ही तयारी त्या काळी नवी होती आणि तिचे महत्त्व सहसा पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या संगणकांच्या वापरकर्त्यांची ‘डेकस’ ही संघटना १९६१ मध्ये याच धर्तीवर निघाली.

या मतावर घेतला जाणारा आक्षेप असा, की शेअरचे सभासद व्यक्ती नसून संस्था होत्या, तिचा पसारा लवकरच एका परिसरापुरता राहिला नाही आणि बैठकीस येणारे प्रोग्रामर आपल्या मालकाचे प्रतिनिधी म्हणून येत. त्यामुळे खुल्या स्थानिक गटाचे पहिले स्पष्ट उदाहरण म्हणून होमब्रू कॉम्प्युटर क्लबचा निर्देश केला जातो. त्याची पहिली बैठक ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये झाली. फ्रेड मूर हे त्याचे सहसंस्थापक होत. ली फेल्सेनस्टाइन यांच्या सूत्रसंचालनाखाली बैठकीचे दोन भाग रूढ झाले. पहिल्या भागात प्रत्येकाने आपण काय करीत आहोत, आपल्याजवळ काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे हे थोडक्यात सांगायचे, तर दुसऱ्यात ज्याला ज्याची गरज असेल त्याने त्याला गाठायचे. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक हे त्या वेळी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करीत होते. आपल्या संगणकाचे आराखडे त्यांनी या मंडळात मुक्तपणे वाटले. तोच संगणक पुढे अ‍ॅपल-१ म्हणून ओळखला गेला.

याच मंडळाच्या संदर्भात एक मूलभूत संघर्षही प्रथम ठळकपणे पुढे आला. अल्टेअर संगणकासाठीच्या बेसिक भाषेच्या कागदी फितीच्या प्रती हौशी वर्तुळांत विनामोबदला फिरू लागल्यावर, ती आवृत्ती विकणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये खुले पत्र लिहून, मोबदला मिळणार नसेल तर व्यावसायिक दर्जाचे काम कोण करील, असा प्रश्न विचारला. सहव्यावसायिकांना मुक्तपणे देणे आणि त्याच कौशल्यावर उपजीविका करणे यांतील हा ताण स्थानिक गटांतून आजही संपलेला नाही.

दोन्ही मतांना आधार आहे. तथापि गटांचे बाह्य रूप हौशी मंडळांकडून आले असले, तरी स्पर्धक कंपन्यांतील कारागिरांनी परस्परांचे काम तपासणे व वापरणे हे त्यांचे प्रयोजन शेअरमध्येच घडले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. इतिहासकार अत्सुशी अकेरा यांनीही शेअरच्या अभ्यासात प्रोग्रामरांची व्यावसायिक ओळख घडण्याच्या प्रक्रियेला महत्त्वाचे स्थान दिले आहे.

पुढील विस्तार : १९९० च्या दशकात लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या वापरकर्त्यांचे गट अनेक देशांत निघाले. १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे पर्ल भाषेचा ‘पर्ल माँगर्स’ हा गट स्थापन झाला आणि त्याच्या नमुन्यावर इतर शहरांत गट उभे राहिले. २००२ मध्ये सुरू झालेल्या, भेटी जुळवून देणाऱ्या मीटअप या संकेतस्थळीय सेवेमुळे गट काढणे अगदी सोपे झाले.

व्यावसायिक वाटचालीशी संबंध : समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के व्यक्तींची माहिती देणाऱ्याशी वरचेवर भेट होत असे, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांची क्वचित होत असे, असे नोंदविले. ही पाहणी लहान होती (५४ व्यक्ती) आणि ती प्रोग्रामरांपुरती नव्हती. परंतु महिन्यातून एकदा भेटणारा सहव्यावसायिक तिच्यातील मधल्या वर्गात नेमका बसतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवरील प्रयोगांच्या अभ्यासाने, जुजबी ओळखीच नोकरीसाठी अधिक उपयोगी पडतात हा त्यावरून निघणारा निष्कर्ष काहीसा सुधारला. मध्यम प्रतीच्या दुर्बल (जुजबी) ओळखी सर्वाधिक उपयोगी ठरतात आणि अतिशय पुसट ओळखींचा उपयोग पुन्हा घटतो, असे त्यात दिसून आले. नुसती नावनोंदणी करण्यापेक्षा नियमित उपस्थिती का फलदायी ठरते, याचा उलगडा यावरून होऊ शकतो.

कंपन्यांच्या सीमा ओलांडून ज्ञान कसे वाहते, याविषयीही मतभेद आहेत. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनजवळचा रूट १२८ हा पट्टा यांची तुलना करून पहिल्या प्रदेशाचे यश तेथील मोकळ्या व्यावसायिक संस्कृतीशी जोडले. कायद्याचे अभ्यासक रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये याचे कारण कायद्यात शोधले. नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासून सामान्यतः अवैध आहेत, मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र ते लागू होत असत. दोन्ही कारणे एकमेकांस पूरक मानता येतील; पण जेथे असे करार बंधनकारक आहेत तेथेही गट भरभराटीस आलेले असल्याने केवळ कायद्यावर भर देणे अपुरे वाटते.

नवोदितांच्या दृष्टीने जीन लेव्ह आणि एत्येन वेंगर यांचे १९९१ मधील प्रतिपादन विशेष उपयुक्त आहे. लायबेरियातील शिंपी, मेक्सिकोच्या युकातान प्रदेशातील सुईणी इत्यादींच्या उदाहरणांवरून त्यांनी दाखविले, की शिकाऊ व्यक्ती प्रथम कडेकडेची, पण खरी कामे करीत हळूहळू व्यवसायाच्या केंद्राकडे सरकते. प्रोग्रामर गटातही आधी श्रोता, मग प्रश्नकर्ता, नंतर साधारण पाच मिनिटांचे लघुव्याख्यान देणारा, पुढे मुख्य वक्ता किंवा संयोजक, असा क्रम दिसतो. एखाद्याने आपली अडचण कशी मांडली आणि दुसऱ्याच्या कोडमधील दोष किती सौजन्याने दाखविला, हे येथे अनेकांच्या प्रत्यक्ष पाहण्यात येते. मुलाखतीतून सहसा न कळणारी ही माहिती शिफारशीला वजन देते आणि गटातून नोकऱ्या मिळतात त्या मुख्यतः अशा परिचयातून.

म्हणूनच भरतीला किती वाव द्यावा, हा संयोजकांपुढील नाजूक प्रश्न असतो. अनेक गट बैठकीच्या आरंभी किंवा अखेरीस रिक्त जागांच्या घोषणांसाठी काही मिनिटे राखून ठेवतात आणि एरवी भरती-दलालांना मज्जाव करतात. जागा व खाद्यपदार्थ पुरविणाऱ्या कंपनीचा हेतूही बहुधा भरतीचाच असतो; तो उघड असण्यात गैर काही नाही, मात्र व्याख्यानांची निवड तिच्या हाती गेल्यास अनुभवी सभासद येईनासे होतात आणि ज्यांच्या भेटीसाठी नवोदित येतात तेच उरत नाहीत.

मर्यादा : ओळखीतून मिळणाऱ्या संधी आधीच ओळखी असलेल्यांकडे अधिक जातात. संध्याकाळच्या बैठका घरातील मुले किंवा आजारी व्यक्ती यांची जबाबदारी असणाऱ्यांना गैरसोयीच्या होतात आणि स्त्रियांचे प्रमाण अनेक गटांत कमी राहिले आहे. या जाणिवेतून २०१० मध्ये हेलसिंकी येथे ‘रेल्स गर्ल्स’ आणि २०११ मध्ये लॉस अँजेलिस येथे ‘पायलेडीज’ हे स्त्रियांना प्रोग्रामिंगकडे आणणारे उपक्रम सुरू झाले. संयोजन बहुतेक ठिकाणी विनावेतन असून एकदोन व्यक्तींवर अवलंबून असते. त्यांनी गाव किंवा नोकरी बदलल्यावर गट बंद पडणे नेहमीचे आहे. २०२० मधील साथीच्या काळात बैठका दूरस्थ झाल्या. त्यामुळे दूरच्या वक्त्यांना बोलावणे सुलभ झाले, परंतु व्याख्यान संपल्यानंतर दोघातिघांत होणाऱ्या बोलण्याला त्या माध्यमात पुरेशी जागा मिळाली नाही.