मासा खातो ते हललेलं पाणी

रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर ओहोटीने जोर धरला की पुलाच्या प्रत्येक खांबामागे पाणी वळायला लागतं. एक भोवरा डावीकडून सुटतो, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. काजळी नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेत असतं आणि खांबाच्या आडोशाला बोईट माशांची पिल्लं दाटीवाटीने थांबलेली असतात. अशा वेळी, विशेषतः दिवस मावळताना, कधीतरी ‘बुप्’ असा खोल आवाज येतो. दगड पडल्यासारखा, पण पाण्याच्या आतून आलेला. तो जिताडा. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. हा आवाज उडीचा नसतो, तोंडाचा असतो. जिताडा भक्ष्याच्या मागे धावून चावा घेत नाही. जवळ जाऊन तोंड झटक्यात उघडतो, आत पोकळी तयार होते आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. सगळा व्यवहार डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो.

लहानपणापासून मी कोळंबी लावूनच गरवत आलो. गरीला जिवंत कोळंबी, पाण्यात सोडायची आणि वाट बघायची. सॉफ्ट प्लास्टिकचा मासा हातात आला तेव्हा वाटलं, आमिषच बदललंय, बाकी सगळं तेच. चार इंचांचा रबरासारखा मऊ तुकडा, पोटात जिग हेड म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, मागे चपट्या टाचेसारखी शेपटी. एक पूर्ण हंगाम, दिवाळीपासून होळीपर्यंत, काठावरून टाकत राहिलो आणि एकही मासा लागला नाही. राजिवड्याकडचे एक म्हातारे गरीवाले शेजारी बसायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते एवढंच म्हणायचे, “तू मासळीला खायला देत नाहीस रे, तिच्या तोंडातून काढून घेतोस.” त्या वाक्यातलं विज्ञान कळायला मला बराच काळ लागला.

आधी मूळ प्रश्न. माशाला नाक आहे, चव कळते. मग ज्याला कोळंबीचा वास नाही, असा तुकडा तो तोंडात का घेतो?

उत्तर माशाच्या कुशीवर आहे. जिताडा किंवा रावस साफ करताना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक रेघ दिसते. ती नक्षी नव्हे. त्या रेघेवरच्या खवल्यांना छिद्रं असतात, छिद्रांखाली द्रवाने भरलेली नळी असते आणि नळीत केसांसारखे तंतू असलेल्या पेशींचे पुंजके, वर जेलीची टोपी घातलेले. बाहेर पाणी हललं की टोपी कलते, तंतू वाकतात, मज्जातंतूला खबर जाते. आपल्या कानाच्या आत आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशी याच कुळातल्या. पाण्याचा हेलकावा हे माशाचं अंगभर पसरलेलं इंद्रिय टिपतं. स्वेन डाइकग्राफ या डच जीवशास्त्रज्ञाने त्याला दूरस्पर्श म्हटलं. मला यापेक्षा चांगला शब्द सापडलेला नाही. न शिवता शिवल्याची जाणीव.

मात्र या स्पर्शाचा पल्ला फार नाही. माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट, म्हणजे दोन फुटी जिताड्याला दोन-चार फुटांपर्यंतचं कळेल. गढूळ खाडीत, तेही अंधारून आल्यावर, तेवढंच त्याचं जग असतं. त्या जगात काय हललं, यावर तो ठरवतो.

आता पुन्हा पुलाच्या खांबाकडे बघा. वाहत्या पाण्यात अडथळा आला की मागे आळीपाळीने भोवरे सुटतात. थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाच्या नावाने ती भोवऱ्यांची रांग ओळखली जाते. सॉफ्ट प्लास्टिकची चपटी शेपटी पाण्यातून ओढली की तिच्याही दोन्ही बाजूंनी असेच भोवरे सुटतात. प्लास्टिक मऊ असल्यामुळे प्रत्येक भोवऱ्याबरोबर शेपटी त्या बाजूला झुकते आणि डुलायला लागते. खरा मासा शेपटी हलवून पुढे जातो, इथे पुढे ओढल्यामुळे शेपटी हलते. क्रम उलटा आहे, पण पाण्यात उमटणारी खूण बरीचशी सारखी.

किती सारखी, याचा अंदाज बांधता येतो. पोहणाऱ्या बहुतेक प्राण्यांमध्ये, मासा असो वा डॉल्फिन, एक गुणोत्तर ०.२ ते ०.४ च्या दरम्यान राहतं. शेपटी सेकंदाला किती वेळा हलते त्याला ती किती रुंद झोका घेते याने गुणायचं आणि पोहण्याच्या वेगाने भागायचं. बोटभर लांबीचा मासा सेकंदाला ४० सेंटिमीटर जातोय आणि शेपटीचा झोका २ सेंटिमीटरचा आहे असं धरलं, तर शेपटी सेकंदाला साधारण ६ वेळा हलायला हवी. अशी मंद थरथर कुशीवरच्या रेघेला टिपता येते. रील गरागरा फिरवला की हे गणित बिघडतं. शेपटी नुसती थडथडते, आमिष कुशीवर कलतं, आणि जिताड्याला जे जाणवतं ते कुठल्याही ओळखीच्या जिवासारखं नसतं. मी तो पूर्ण हंगाम हेच करत होतो.

रंगाबद्दल मात्र फार बोलायची गरज नाही, जरी नवशिक्याचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. स्वच्छ समुद्रात तांबडा रंग काही मीटरांतच विझतो आणि खोलवर निळा उरतो. खाडीत उलट. गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क निळा प्रकाश खाऊन टाकतो, उरतो तो पिवळसर मातकट उजेड. अशा पाण्यात छटेपेक्षा उठाव महत्त्वाचा. आकाशाच्या उजेडासमोर काळी आकृती स्पष्ट दिसते, म्हणून संध्याकाळी गडद, दिवसा पिवळट हिरवा. माझ्या पिशवीत आता एवढे दोनच रंग असतात.

चाचांच्या वाक्याकडे येऊ. मासा पाणी ओढतो तेव्हा ती ओढ तोंडाच्या अगदी तोंडाशीच असते. जबड्याच्या रुंदीइतक्या अंतरावर गेलं की तिचा जोर जवळजवळ संपतो. म्हणजे आमिष मोकळं असेल तरच पाण्याबरोबर आत जाईल. दोर ताणलेला असला तर मासा पाणी गिळतो आणि आमिष जागच्या जागी राहतं. काठावर तुम्हाला ‘ठक्’ असा धक्का जाणवतो, तुम्ही झटका देता, आणि काही लागत नाही. खरोखरच मी त्याच्या तोंडातून काढून घेत होतो.

म्हणून शिकण्याची सुरुवात टाकण्यापासून नाही, बुडू देण्यापासून करावी. आमिष पडलं की दोर किंचित सैल ठेवून मनात आकडे मोजायचे. सात म्हटल्यावर दोर ढिला पडला, तर सातला तळ लागला. पुढच्या वेळी चारलाच ढिला पडला, तर मध्ये कोणीतरी ते उचललं आहे. तळ लागला की रॉडचं टोक हलकेच हातभर वर न्यायचं, आणि पुन्हा आकडे मोजत बुडू द्यायचं. मासे बहुतेक या बुडण्यातच घेतात. मेटाकुटीला आलेलं, निसटायची ताकद उरलेली नाही असं पिल्लू असंच थरथरत खाली जातं. इथे विणीचा दोर, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, फार उपयोगी पडतो. साधा नायलॉनचा दोर ताणला की बराच लांबतो आणि पलीकडचा हलका स्पर्श वाटेतच जिरतो. ब्रेड जवळजवळ ताणत नाही, तळ वाळूचा की खडकाचा हेही बोटाला कळतं. टोकाला हात-दीड हात जाड नायलॉन जोडायचा, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते.

काठावरून गरवणाऱ्याला होडीसारखं माशापर्यंत जाता येत नाही, मासा आपल्यापर्यंत येईल ती वेळ गाठावी लागते. ती वेळ पंचांगात आहे. कोकणात तिथीला पाऊण ने गुणतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण मोबाइल नसतानाही हिशेब चुकत नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, पाऊण तासाचा गुणक तिथून आला.

भरती ते ओहोटी या सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. समजा एकूण २.४ मीटर उतरायचं आहे. पहिल्या तासात २० सेंटिमीटर, दुसऱ्यात ४०, तिसऱ्या आणि चौथ्यात ६०-६०, मग पुन्हा ४० आणि २०. तिसऱ्या तासाला कांदळवनातून पाणी धावत बाहेर येतं आणि मुळांत लपलेली कोळंबी, पिल्लं त्याबरोबर ओढली जातात. शिकारी मासे ओढ्यांच्या तोंडाशी, खांबांच्या आडोशाला येऊन थांबतात. माझा पहिला जिताडा, जेमतेम हातभर लांबीचा, याच तिसऱ्या तासाला पुलाच्या दुसऱ्या खांबामागे लागला. मी पाच म्हटलं आणि दोर ढिला पडला.

उभं कुठे राहायचं, यालाही शास्त्र आहे. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला सगळं आकाश ९७ अंशांच्या शंकूत कोंबलेलं दिसतं. एक मीटर खोलीवर ही गोल खिडकी सव्वादोन मीटर रुंद असते आणि तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. काठावरचा माणूस खिडकीच्या कडेला चेपलेला दिसतो. पाण्याशी दहा अंशांपेक्षा कमी कोनाने येणारा प्रकाश बराचसा परावर्तित होतो, म्हणून त्या खालचं फार पुसट. पाच मीटरांवर उभा असलेला माणूस १९ अंशांपर्यंत पोचतो, बसला तर दहाच्या आत. चाचा नेहमी बसूनच गरवतात.

आता त्या तुकड्याबद्दल, कारण तो पाण्यात राहतो. तो रबर नसून पीव्हीसी आहे, पाइपात असतो तोच. पीव्हीसीच्या लांब साखळ्या गार झालेल्या शेवयांसारख्या एकमेकींना चिकटून कडक होतात. तूप घातल्यावर शेवया सुटाव्यात तसं त्यात तेलासारखं रसायन मिसळलं की साखळ्या घसरू लागतात आणि पदार्थ मऊ होतो. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात वॉल्डो सीमन यांना हे १९२६ मध्ये सापडलं, रबर धातूला चिकटवायचा गोंद शोधताना. त्याच शहरात १९४९ मध्ये निक क्रीम यांनी अशाच मऊ प्लास्टिकचं पहिलं गांडूळ ओतलं.

पण हे तूप साखळ्यांना बांधलेलं नसतं, ते हळूहळू बाहेर येतं. आमिषं साध्या प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर डबी वितळून चिकट होते, ती त्यामुळेच. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये संशोधकांनी अशी आमिषं बराच काळ पाण्यात ठेवून पाहिली तेव्हा ती विरघळली नाहीत, उलट फुगली. माशाने गिळलेला तुकडा पोटात फुगला तर तो पुढे सरकणार कसा? शेपटी तुटलेलं आमिष खाडीत भिरकावताना मी अनेकांना पाहतो आणि दर वेळी जीव तुटतो. माझ्या कमरेला एक काचेची बरणी असते, तुकडे त्यात जातात.

आणि मोठा जिताडा लागला तर तो सोडा. जिताडा जन्माला येतो, वाढतो आणि पहिली काही वर्षं नर असतो, पुढे मोठा झाल्यावर तोच मादी होतो. मीटरभर लांबीचा मासा जवळजवळ नक्कीच लाखो अंडी घालणारी मादी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असला तर गळ सहज निघतो. हात ओले करायचे, एक हात पोटाखाली, एक शेपटीला, आणि तोंड प्रवाहाकडे करून तिला पाण्यात धरून ठेवायचं. आधी कल्ले सावकाश हलतात. मग लय लागते, शेपटीचा एक फटका हाताला बसतो आणि मनगटाभोवती भोवरा फिरत राहतो.