कोरोनात तात्पुरत्या जामिनावर सुटलेले कच्चे कैदी: कलम ४७९ चा अर्ज का फेटाळला जातो

"पोरगा २०२० पासून केसमध्ये अडकलाय, मग अर्ज फेटाळला कसा?" शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात येरवड्यातल्या कैद्यांचे नातेवाईक हे विचारतात, तेव्हा चूक बहुधा दिवसांच्या हिशेबात निघते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्याला, जामीन मिळावा. पूर्वी कधीही शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश पुरे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. दुसरी केस प्रलंबित असली तरीही या कलमाचा उपयोग नाही, तेव्हा नेहमीचा जामीन अर्ज करावा. केस ही संहिता लागू होण्याआधीची, म्हणजे १ जुलै २०२४ आधीची असली तरी चालते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

आता हिशेब. गच्च भरलेल्या बराकींत साथ पसरेल म्हणून २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणाला सोडायचं ते ठरवण्यासाठी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतले अनेक कच्चे कैदी तात्पुरत्या जामिनावर बाहेर आले. बाहेरचा हा काळ कोठडीत धरला जात नाही. समजा, घरात चोरीच्या कलमाची कमाल शिक्षा सात वर्षं आणि पूर्वी शिक्षा झालेली नाही. अटक जानेवारी २०२०, सुटका मे २०२०, परत हजर एप्रिल २०२३. एक तृतीयांश म्हणजे २८ महिने. पहिले चार आणि एप्रिल २०२३ पासून पुढचे २४ धरले, तर मुदत भरते एप्रिल २०२५ मध्ये. घरचे मात्र २०२० पासून सलग मोजतात आणि २०२२ मध्येच मुदत संपली असं धरून चालतात. आरोपीनेच खटला लांबवला असेल तर तेवढे दिवसही वजा होतात.

म्हणून तुरुंगाकडून कस्टडी सर्टिफिकेट, म्हणजे कोठडीतल्या काळाचा दाखला घ्या आणि त्यात आत आल्याच्या आणि सुटल्याच्या सगळ्या तारखा आहेत का, ते तिथेच तपासा. अटकेची एकच तारीख लिहिलेला दाखला कोर्टात टिकत नाही. मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकांचं कायदेशीर कर्तव्य आहे. कुटुंबाला तारखा मोजत बसायची वेळ यायलाच नको, पण वाट पाहू नका.

दुसरी अडचण परतण्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ मार्च २०२३ च्या आदेशाने तात्पुरत्या जामिनावरच्यांनी १५ दिवसांत हजर व्हायचं होतं. घरी पत्र येईल म्हणून थांबलेले उशिरा गेले, आणि सरकारी वकील नेमकं त्यावर बोट ठेवतात. उशिराचं खरं कारण प्रतिज्ञापत्रात लिहा, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा.

एफआयआर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, कैद्याची तुरुंगातून साक्षांकित होऊन आलेली वकालतनाम्यावरची सही, हे अर्जाला नेहमी लागतंच. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे स्पष्ट सांगा.

आदेश झाल्यावरही कित्येकजण आतच राहतात, कारण जामीनदाराकडे ऐपतीचा दाखला नसतो. रोख जामिनाची परवानगी मागा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून ठरावीक मर्यादेपर्यंत जामिनाची रक्कम भरता येते, काही गंभीर कायद्यांखालचे आरोपी वगळून. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने प्राधिकरणाला कळवायचं असतं. कळवलं का, हे आठव्या दिवशी जाऊन विचारा.