शॉर्ट समजून सोडून दिलेला प्रवाह

१९६० साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत इव्हार येव्हर एक वरवर साधा प्रयोग करत होते. काचपट्टीवर धातूचा पातळ थर द्यायचा, त्यावर ऑक्साइड धरू द्यायचं, वर दुसऱ्या धातूचा थर चढवायचा आणि सगळं द्रवरूप हेलियमने गार करायचं. शून्याखाली २७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिसं आणि कथिल अतिवाहक होतात, म्हणजे त्यांच्यातून वीज कुठल्याही रोधाशिवाय वाहते. मधलं ऑक्साइड मात्र वीज अडवतं. पण ते जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीचं असल्याने पुंजभौतिकीच्या नियमांप्रमाणे थोडेफार इलेक्ट्रॉन पलीकडे निसटतात. अट एकच, व्होल्टेज लावायला हवं.

अधूनमधून एखादा नमुना व्होल्टेज शून्य असतानाही प्रवाह दाखवी. इतक्या पातळ थरात कुठेतरी बारीक भोक राहिलं असेल आणि दोन्ही धातू टेकले असतील, असा अंदाज बांधून तो बाजूला ठेवला जाई. शॉर्ट झालंय, दुसरा घ्या! येव्हरच नव्हे, इतरही हेच करत होते आणि त्यात गैर काही नव्हतं. असे नमुने शॉर्ट होतच असत.

१९६२ मध्ये केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने कागदावर गणित मांडून दाखवलं की शॉर्ट नसतानाही असा प्रवाह वाहायला हवा. त्या वर्षी तिथे शिकवायला आलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन पुढे सांगत, की हा मुलगा वर्गात असला की धास्ती वाटे. फळ्यावर काही चुकलं तर तास संपल्यावर तो येऊन नम्रपणे समजावून देई.

विरोध झाला तो थेट जॉन बार्डीन यांच्याकडून. ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळवलेले आणि अतिवाहकतेचा सिद्धान्त मांडणाऱ्या तिघांतले एक. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात, हे त्याच सिद्धान्ताने सांगितलेलं. पण मधल्या थरात ही जोडी टिकत नाही, असं बार्डीन यांचं म्हणणं. शिवाय तेव्हा इतरांनाही एक शंका होती: एक इलेक्ट्रॉन थरापलीकडे जाण्याची शक्यता आधीच नगण्य. दोघांनी एकदम जायचं तर त्या नगण्य संख्येचा वर्ग करावा लागेल, म्हणजे उरतं काय? ही शंका मला आजही पटण्यासारखी वाटते. तिच्यात निसटलं ते एवढंच, की या जोड्या सुट्या सुट्या नसतात. लेझीमचं अख्खं पथक एका ठेक्यावर पावलं टाकतं, तशा अतिवाहकातल्या साऱ्या जोड्या एका तालात असतात. थराच्या दोन बाजूंना अशी दोन पथकं आली आणि त्यांच्या तालात थोडा फरक असला, तर तो फरकच प्रवाह घडवतो. त्याला व्होल्टेजची गरज नाही.

पण मग शॉर्ट आणि हा प्रवाह वेगळे ओळखायचे कसे? अमेरिकेत परतल्यावर अँडरसन यांनी बेल प्रयोगशाळेत जॉन रोवेल यांच्याबरोबर १९६३ मध्ये ते करून दाखवलं. धातूच्या शॉर्टला किरकोळ चुंबकीय क्षेत्राने काही फरक पडत नाही. जोसेफसनचा प्रवाह मात्र विलक्षण हळवा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अडवलं की तो वाढे, थोडं जास्त क्षेत्र लावलं की नाहीसा होई. १९७३ मध्ये जोसेफसन, येव्हर आणि लिओ एसाकी यांना नोबेल मिळालं.

जोसेफसनचं दुसरं भाकीत तर आणखी चमत्कारिक होतं. धातू-ऑक्साइड-धातू अशा या जोडणीवर स्थिर व्होल्टेज लावलं की प्रवाह मागे-पुढे आंदोलू लागतो: दर मायक्रोव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख वेळा. हा आकडा धातूवर, जोडणीच्या आकारावर, कशावरच अवलंबून नाही. त्यात फक्त इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि पुंजभौतिकीतला प्लांकचा स्थिरांक येतो. वारंवारता आपण अतिशय काटेकोर मोजू शकतो. त्यामुळे आज व्होल्टचं प्रमाण हजारो जोडण्या ओळीने बसवलेल्या चिपवर ठरतं. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही अशी यंत्रणा आहे. आणि तो चुंबकीय हळवेपणा? दोन जोडण्यांचं कडं करून बनवलेला स्क्विड नावाचा संवेदक मेंदूचं चुंबकीय क्षेत्र टिपतो, जे पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण असतं.

२०२५ चं भौतिकीचं नोबेलही याच जोडणीकडे वळलं. जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीत दाखवलं, की अब्जावधी जोड्यांचं हे अख्खं विद्युत मंडल एखाद्या अणूसारखं वागतं: ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच घेतं आणि अडथळ्यातून आरपार निसटतं. त्यातल्या खालच्या दोन पायऱ्या शून्य आणि एक धरल्या की क्युबिट, म्हणजे पुंज संगणकाचा मूळ घटक, तयार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांचा गट असेच क्युबिट बनवतो. त्यांची पीएचडी येल विद्यापीठात डेव्होरे यांच्याकडचीच. २०२४ मध्ये या संस्थेने डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर सहा क्युबिटांचा प्रोसेसर चालवून दाखवला.

जोडणी बनवायची कृती अजून ओळखीचीच आहे. ॲल्युमिनियमचा थर, निर्वात कक्षात मोजून सोडलेला ऑक्सिजन, वर पुन्हा ॲल्युमिनियम. ऑक्साइड किंचित जाड-पातळ झालं तरी क्युबिटची वारंवारता सरकते. दर वेळी नमुना निरपेक्ष शून्याच्या जवळ नेऊन ते तपासणं परवडत नाही. म्हणून आधी खोलीच्या तापमानालाच जोडणीचा रोध मोजतात. थंड झाल्यावर तिच्यातून किती प्रवाह जाईल, याचं गणित त्यावरून मांडता येतं.