देएसा : नैर्ऋत्य स्पेनमधील ओकची कुरणवने आणि तेथील सायकलभ्रमण

नैर्ऋत्य स्पेनमध्ये माणसाने शेकडो वर्षे विरळ करत, छाटत आणि जपत आणलेल्या ओकच्या वनाला ‘देएसा’ म्हणतात. एस्त्रेमादुरा प्रांतातील कासेरेस व बादाखोस हे जिल्हे, आंदालुसियाच्या उत्तरेकडील सिएरा मोरेना डोंगररांग आणि सालामांकाचा काही भाग हा देएसाचा मुख्य प्रदेश होय. पोर्तुगालमध्ये याच प्रकारच्या वनाला ‘मोंतादो’ हे नाव आहे. देएसा हा शब्द लॅटिन ‘देफेन्सा’वरून आला असून, बाहेरच्या कळपांना बंदी असलेले राखीव कुरण असा त्याचा मूळ अर्थ आहे. गावाच्या सामाईक मालकीच्या देएसाला ‘देएसा बोयाल’ म्हणत. तेथे नांगराचे बैल चरत. आपल्याकडील गायरानाशी तिचे साम्य सहज लक्षात येते. या प्रदेशातील डांबरी रस्त्यांवर वाहने फारच थोडी असल्यामुळे लांब पल्ल्याच्या शांत सायकलभ्रमणासाठी तो युरोपातील उत्तम प्रदेशांपैकी एक मानावा लागेल.

प्रथम पाहणाऱ्याला देएसा हे निसर्गतः उगवलेले रान वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक झाडामागे माणसाचा हात आहे. हेक्टरी साधारण तीस ते साठ झाडे राखून मधली झुडपे काढली जातात, फांद्या आडव्या पसरतील अशा बेताने छाटल्या जातात, आणि झाडांखालच्या गवतावर मेंढ्या, गुरे व काळी इबेरियन डुकरे चरतात. सर्वाधिक आढळणारा वृक्ष ‘एन्सिना’ हा सदाहरित ओक होय. त्याची पाने लहान, कडक व राखाडी हिरवी असतात आणि भर उन्हाळ्यातही त्याची सावली दाट पडते. जेथे पाऊस थोडा अधिक आणि जमीन आम्लधर्मी, तेथे ‘आल्कोर्नोके’ म्हणजे बुचाचा ओक वाढतो. त्याची साल पहिल्यांदा काढण्यास झाड पंचवीस-तीस वर्षांचे व्हावे लागते, त्यानंतर किमान नऊ वर्षांच्या अंतराने ती पुन्हा काढता येते. हे काम उन्हाळ्यात, खास कुऱ्हाडीने आणि खोडाच्या आतल्या थराला इजा न होऊ देता केले जाते. नुकतीच साल काढलेले खोड नारिंगी-तांबडे दिसते आणि वर्षागणिक काळपट होत जाते. त्यामुळे सायकलवरून जाताना नुसत्या रंगावरून कोणत्या झाडाची साल अलीकडे निघाली आहे हे ओळखता येते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ओकची फळे गळू लागतात. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘बेयोता’ म्हणतात, आणि ती खाऊन डुकरे पुष्ट होण्याच्या हंगामाला ‘मोन्तानेरा’. एक डुक्कर दिवसाला सात ते दहा किलो फळे खाते. २०१४च्या स्पॅनिश नियमांनुसार ‘बेयोता’ हा शिक्का मिळण्यासाठी डुकराने साठ दिवसांहून अधिक काळ रानात चरून किमान ४६ किलो वजन कमावणे आवश्यक असते, आणि झाडांच्या दाटीनुसार हेक्टरी फार तर सव्वा डुक्कर सोडता येते. वेल्वा जिल्ह्यातील खाबुगो हे गाव याच डुकरांच्या खारवून वाळवलेल्या मांडीसाठी, म्हणजे ‘खामोन’साठी प्रसिद्ध आहे. एवढ्या विस्तीर्ण रानात इतकी विरळ जनावरे का, या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. त्याच हंगामात उत्तर युरोपातून क्रौंच पक्ष्यांचे थवे येथे हिवाळा काढण्यास येतात आणि तीच फळे वेचतात. सकाळच्या धुक्यात त्यांची आरोळी ते दिसण्यापूर्वी बराच वेळ ऐकू येते.

येथील रस्ते शांत का, हे समजण्यासाठी जमिनीच्या मालकीकडे पाहावे लागते. मध्ययुगात हा प्रदेश ख्रिस्ती राजांच्या ताब्यात आल्यावर मोठमोठे भूभाग सान्तियागो व आल्कांतारा यांसारख्या लष्करी-धार्मिक संघांकडे आणि उमरावांकडे गेले. त्यातून शेकडो हेक्टरांच्या जहागिरी आणि एकमेकांपासून दूर असलेली गावे अशी वस्तीची घडण झाली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कामाच्या शोधात हजारो कुटुंबे माद्रिद, कातालोनिया, बास्क प्रदेश आणि जर्मनीकडे गेली. आज एस्त्रेमादुराचे क्षेत्रफळ ४१ हजार चौ. किमी.हून अधिक आणि लोकसंख्या जेमतेम साडेदहा लाखांच्या आसपास आहे. जी काही लांबची वाहतूक उरली तीही जलदगती महामार्गांनी ओढून नेली. उत्तर-दक्षिण जाणारा ए-६६ महामार्ग झाल्यावर त्याला समांतर असलेला जुना एन-६३० हा राष्ट्रीय रस्ता अनेक टप्प्यांत जवळपास ओस पडला. रुंद, सौम्य चढाचा आणि डांबराची कडा राखलेला हा रस्ता प्लासेन्सिया, कासेरेस, मेरिदा, मोनेस्तेरिओ अशा गावांवरून जातो. नवख्या सायकलस्वाराने सुरुवात येथूनच करावी.

रस्त्यांची प्रतवारी फलकांच्या रंगांवरून कळते. राष्ट्रीय रस्त्याचा क्रमांक तांबड्या पार्श्वभूमीवर लिहिलेला असतो, तर प्रादेशिक रस्त्यांचे क्रमांक महत्त्वानुसार नारिंगी, हिरव्या व पिवळ्या पार्श्वभूमीवर. पिवळा फलक दिसला की सहसा अरुंद, वळणावळणाचा आणि शांत रस्ता समजावा. त्याचे डांबर मात्र खडबडीत असते. वर पसरलेल्या खडीमुळे हँडलवरील हात दिवसाअखेरीस बधिर होतात, म्हणून २८ ते ३२ मि.मी. रुंदीचे टायर श्रेयस्कर. काही ठिकाणी जनावरे कुंपणाबाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात खड्डा खणून त्यावर आडवे लोखंडी नळ बसवलेले असतात. हा अडसर सरळ रेषेत, पेडल न मारता आणि शक्यतो हँडल न वळवता ओलांडावा. नळ ओले असतील तर उतरून चालत जाणेच शहाणपणाचे. रस्त्याच्या दोन्ही कडांना मातीचुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती मैलोन्‌मैल सोबत करतात. कोकणातील गडग्याची आठवण यावी अशी त्यांची रचना असते.

भूप्रदेश बहुतांशी लाटांसारखा आहे. लांब घाट कमी, पण दोन-तीन किलोमीटरचे चढ-उतार अखंड चालू राहतात, आणि सपाट वाटलेल्या नकाशावर दिवसभरात हजार मीटरची चढाई सहज भरते. त्रुखियोहून प्लासेन्सियाकडे जाणारा ईएक्स-२०८ रस्ता मोनफ्राग्वे या २००७पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या भागातून जातो. ताखो नदीकाठच्या ‘साल्तो देल गितानो’ कड्यासमोर थांबल्यास गिधाडे डोळ्यांच्या पातळीवर घिरट्या घालताना दिसतात. दक्षिणेकडे सिएरा दे आरासेना हा अधिक हिरवा, दमट टापू आहे. तेथे ओकच्या जोडीला चेस्टनटची जुनी झाडे आहेत आणि पांढऱ्या भिंतींची गावे तुलनेने जवळजवळ आहेत. कडक चढाची हौस असणाऱ्यांसाठी पूर्वेकडील वियुएर्कास डोंगर आहेत. तेथील सुमारे १६०० मीटर उंचीच्या शिखरावर २०२१च्या ‘व्हुएल्ता’ या स्पेनच्या मोठ्या सायकल शर्यतीचा एक टप्पा संपला होता आणि तो फ्रेंच सायकलपटू रोमॅं बार्दे याने जिंकला.

डांबरी रस्त्यांखेरीज ‘कान्यादा’ नावाच्या जुन्या मेंढवाटाही या वनांतून जातात. आपल्या धनगरांप्रमाणेच तेथील मेंढपाळ ऋतूनुसार कळप घेऊन शेकडो किलोमीटर चालत. त्यांच्या ‘मेस्ता’ या संघाला आल्फोन्सो दहावा या राजाने १२७३मध्ये मान्यता दिली आणि तो १८३६पर्यंत टिकला. मुख्य कान्यादाची परंपरागत रुंदी ९० ‘वारा’ (लांबीचे जुने स्पॅनिश माप), म्हणजे सुमारे ७५ मीटर आहे. १९९५च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षित केल्या असून त्यांवर पायी, घोड्यावरून वा सायकलने जाण्यास मुभा आहे. पावसानंतर तेथील चिकट माती चाकात अडकते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी.

मार्च ते मे हा सर्वोत्तम काळ होय. त्या वेळी ओढे वाहते असतात, गवतात रानफुले येतात आणि ‘खारा’ या झुडपाच्या पांढऱ्या फुलांनी टेकड्या भरून जातात. त्याच्या चिकट पानांचा राळेसारखा वास उन्हात दूरवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान चाळीस अंशांपुढे जाते, तेव्हा पहाटे निघून दुपारपूर्वी मुक्काम गाठणे हाच उपाय. दोन गावांमध्ये वीस-पंचवीस किलोमीटर पाण्याचा थेंब नसतो आणि दुपारी दोन ते पाच दुकाने बंद असतात. गावच्या चौकातील कारंज्यातून पाणी भरता येते, परंतु ‘नो पोताब्ले’ अशी पाटी असल्यास ते पिण्याजोगे नसते. कळपांची राखण करणारे मोठे मास्तिफ कुत्रे अंगावर आल्यास वेग वाढवू नये. उतरून, सायकल मध्ये धरून सावकाश चालत जावे. कळपापासून अंतर पडले की ते मागे फिरतात. कायद्याने गावाबाहेर शिरस्त्राण सक्तीचे आहे आणि सायकलला मागून ओलांडणाऱ्या वाहनाने किमान दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. तेथील बहुतेक चालक हा नियम मनापासून पाळतात, आणि मागे थांबून राहण्याचा त्यांचा संयम खरोखर वाखाणण्याजोगा आहे.

या वनांपुढे आज दोन संकटे आहेत. ‘सेका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगात ओकची मुळे कुजतात. त्यामागे प्रामुख्याने फायटोफ्थोरा हा मातीतील सूक्ष्मजीव आणि दुष्काळ यांची जोड असते. रस्त्याकडेला हिरव्या झाडांमध्ये एकाएकी करडा, पर्णहीन घोळका दिसतो तो बहुधा याचाच. दुसरे संकट संथ आहे. जनावरे कोवळी रोपे खाऊन टाकतात, त्यामुळे जुन्या झाडांची जागा घेणारी पिढी उभी राहत नाही. ज्या मालकांनी पुनर्लागवड हाती घेतली आहे, त्यांच्या कुरणांत प्रत्येक रोपाभोवती तारेची जाळी किंवा प्लॅस्टिकची नळी उभी दिसते, आणि आतील रोप जनावरांच्या तोंडाच्या उंचीपलीकडे जाईपर्यंत ती बरीच वर्षे तशीच राखावी लागते.