ई-पीक पाहणी

शेतात उभ्या असलेल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर करण्याची महाराष्ट्रातील महसुली पद्धत. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली. महसूल आणि कृषी या दोन खात्यांचा हा एकत्र प्रकल्प असून अ‍ॅप उभे करण्यात टाटा ट्रस्टचा सहभाग होता. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' हे तिचे घोषवाक्य. गावात मात्र एवढे लांब कोणी बोलत नाही. 'पेरा चढवला का?' एवढेच विचारतात.

सातबारा हा एक कागद दिसत असला तरी ते दोन नमुने आहेत. गाव नमुना 7 म्हणजे जमीन कोणाची, आणि गाव नमुना 12 म्हणजे तीत काय पिकते. इंग्रजी अमदानीत गावाचे सगळे दप्तर 1 ते 21 अशा नमुन्यांत बांधले गेले, त्यांतलेच हे दोन. (गोव्यात याच कामाच्या कागदाला 'एक-चौदा' म्हणतात, आकडे वेगळे, उताऱ्यासाठीच्या चकरा त्याच.) मालकीचा सात क्वचित बदलतो. बारा मात्र दर हंगामाला नव्याने भरावा लागतो आणि तो भरण्याचे काम तलाठ्याचे होते. नियमाप्रमाणे त्याने गावाला आधी कळवून, शेताशेतावर फिरून पीक पाहायचे. एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, दोन-तीन गावे, प्रत्येक गावात शेकडो गट, त्यात निवडणुका, पंचनामे, दाखले. त्यामुळे बहुतेक पाहणी चावडीतच बसून होई, आणि गेल्या वर्षीचा पेरा यंदाच्या रकान्यात उतरे. ऊस मोडून दोन वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर ऊस डोलतोय, हा अनुभव राज्यात कोणाला नवा नव्हता.

सातबाऱ्याचे संगणकीकरण आधी झाले होते. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची सही घ्यायला जाणे संपले. पण त्या उताऱ्यातला पिकाचा रकाना अजून तलाठ्याच्याच हातात होता. ई-पीक पाहणीने तो खातेदाराच्या हातात दिला.

काम तसे सरळ आहे. अ‍ॅप उघडून जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, खातेदाराचे नाव किंवा गट क्रमांक शोधायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. मग हंगाम, पिकाचा वर्ग (निर्भेळ की मिश्र), पिकाचे नाव, क्षेत्र, पाण्याचे साधन, पाणी देण्याची रीत (ठिबक, तुषार की मोकाट), लागवडीची तारीख. शेवटी शेतात उभे राहून फोटो, आणि फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश. पडीक जमीन, बांधावरची झाडे यांचीही नोंद करता येते. केलेली नोंद 48 तासांच्या आत दुरुस्त करता येते. पुढे तलाठी त्यांतल्या 10 टक्के नोंदी तपासतो.

अडचण येते ती बारीक जागी. शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो, अ‍ॅप हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे 0.40 हेक्टर हे तोंडपाठ नसलेला माणूस क्षेत्राच्या चौकटीत सरळ 1 टाकतो, आणि गटात तेवढे क्षेत्रच शिल्लक नाही म्हणून अ‍ॅप अडून बसते. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीची एक असे आंतरपीक असेल तर कोणाचे क्षेत्र किती लिहायचे, यावर बांधावरच वाद होतो. भादव्यातल्या उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून टोपीची सावली धरायची, रेंज नाही म्हणून फोटो फोनमध्येच ठेवायचा आणि फाट्यावर आल्यावर 'अपलोड' दाबायचे. हे बहुतेक घरांत कॉलेजातल्या पोराचे किंवा पुतण्याचे काम झाले आहे. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ही सोय नसती तर स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्यांचा बारा कोराच राहिला असता. शेवटच्या चार दिवसांत सगळे एकदम तुटून पडतात, सर्व्हर बसतो, आणि मुदतवाढीची बातमी येते. हे दर हंगामाचे ठरलेले.

'सातबारा कोरा' या शब्दांना महाराष्ट्रात दोन अर्थ आहेत. कर्जमाफीच्या सभेत तो कोरा व्हावा म्हणून घोषणा होतात. पिकाचा रकाना कोरा राहिला तर मात्र तोच शेतकरी डोक्याला हात लावतो. पीक कर्ज, पीक विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदी, या सगळ्यांत पिकाच्या नोंदीचा पुरावा लागतो. आधी चुकीची नोंद ही तलाठ्याची चूक असे, तिच्यावर तक्रार करता येई. आता नोंदच नसेल तर 'तुम्ही केली नाही' एवढे उत्तर पुरते. लेखणीबरोबर दोषही खातेदाराच्या पदरात आला. या बदलाची जाहिरात कोणी केली नाही.

ते पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते 2023 च्या कांद्यात. भाव कोसळल्यावर सरकारने 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अट होती सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीने झालेल्या कांद्याच्या नोंदीची. बाजार समितीची विक्रीपट्टी हातात, पण बाऱ्यावर कांदा नाही, अशी हजारो प्रकरणे निघाली. कांदा तर विकून गेलेला. रिकाम्या वावरात फोटो कशाचा काढणार? अखेर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या समितीचा दाखला चालेल असे ठरले. म्हणजे अ‍ॅपने बाजूला सारलेली माणसेच पुन्हा बोलवावी लागली. 2023 च्या खरिपातील कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5 हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देतानाही हेच झाले. आधी ई-पीक पाहणीची अट, मग ओरड, मग 2024 मध्ये अट सैल.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. बाग नसलेल्या जमिनीवर फळबागेचा विमा, नापेर शेतावर भरपाई, असे प्रकार महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. अक्षांश-रेखांशासह काढलेला फोटो त्यांना अडवतो. चावडीतल्या खुर्चीवर बसून ते होणे नव्हते. 2024 च्या रब्बीपासून राज्यात केंद्र सरकारच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या धर्तीवरचे अ‍ॅप आले. त्यात शेताच्या जवळ गेल्याशिवाय फोटोच घेता येत नाही. ज्यांची नोंद राहिली त्यांच्यासाठी गावोगाव सहायक नेमले जाऊ लागले. केंद्राच्या मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी 2,817 कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मिशनला मंजुरी दिली, त्यातही पीक सर्वेक्षण हा एक मोठा भाग आहे. त्याच सुमारास राज्यात तलाठ्याचे नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. लोक अजून तलाठीच म्हणतात.

नकाशाशी बांधलेल्या या नव्या अ‍ॅपला वाटण्यांचा प्रश्न सुटलेला नाही. गट एक आणि खाते सामाईक असले, तर चार भावांनी वहिवाटीने घातलेले बांध सरकारी नकाशात नसतात. थोरला पूर्वेला कपाशी करतो आणि धाकटा पश्चिमेला मका, पण अ‍ॅपला दोघेही एकाच चौकटीत दिसतात. आधी ज्याने नोंद केली त्याने जास्त क्षेत्र घेतले, तर उरलेल्याला जागा राहत नाही. यावरून भावकीत भांडणे लागतात.

वाटेकऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याचा, प्रश्न याहून जुना आहे. जुन्या बाऱ्यात 'रीत' आणि 'जमीन करणाऱ्याचे नाव' असे रकाने होते. कसतो कोण, हे तिथे उमटे. 1948 च्या कुळकायद्यानंतर, आणि विशेषतः 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून कूळ हाच जमिनीचा मालक मानला जाऊ लागल्यावर, त्या रकान्यात नाव लागणे किंवा न लागणे यावर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालले. म्हणून मालक आजही अर्धेलीचा करार तोंडी ठेवतो. ई-पीक पाहणीत नोंद होते ती खातेदाराच्या नावाने. पेरणी वाटेकऱ्याची, खत-बियाणे त्याचे, कधी फोटोही तोच काढून देतो. भरपाई आली तर ती खातेदाराच्या बँक खात्यात जमा होते, आणि त्यातले वाटेकऱ्याला किती मिळायचे ते मालकाच्या ओसरीवर ठरते.