कोंब फुटण्याआधी बी स्वतःच पेरॉक्साइड बनवतं

‘मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड कुंडीत ओता, मुळांना ऑक्सिजन मिळतो,’ असा निरोप सोलापुरातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. यातलं ऑक्सिजनचं गणित जुळत नाही. 25 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहतो, पाणी तापलं की त्याहून कमी. पेरॉक्साइडमधून सुटणारा जास्तीचा ऑक्सिजन बुडबुड्यांवाटे उडून जातो. आपल्याकडच्या काळ्या मातीवर हे द्रावण टाकून पाहा, लगेच फेसाळेल. मातीतले सूक्ष्मजीव आणि मँगनीजची ऑक्साइडं ते झपाट्याने फोडतात. माती परीक्षणात तर सेंद्रिय पदार्थ जाळून टाकायलाच पेरॉक्साइड वापरतात, आणि आपण शेणखत घालतो ते तो पदार्थ वाढावा म्हणून.

तरीही भिजवलेल्या बियांना त्याचा फायदा होतो, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे.

मालदांडी ज्वारीचा दाणा ओलीत पडला की त्याचा श्वास सुरू होतो आणि पेशींमध्ये आपोआप थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बियाला झोपवून ठेवणारं संप्रेरक म्हणजे अ‍ॅब्सिसिक आम्ल. पेरॉक्साइड वाढलं की हे आम्ल मोडणारी विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि जिबरेलिन हे जागं करणारं संप्रेरक वाढतं. मग दाण्यात अमायलेज हे विकर स्रवतं, स्टार्चची साखर होते आणि अंकुराला खाऊ मिळतो. दुसरीकडे, पेरॉक्साइडपासून बनणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडणारे कण, पेशीभित्तिकेतल्या लांब साखळ्या तोडतात, भिंत सैल पडते आणि मूलांकुर बाहेर येतो. मात्र हेच मूलक डीएनएलाही सोडत नाहीत. म्हणून बी कॅटालेज हे विकर हाताशी ठेवतं. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. पेरॉक्साइड फार कमी असेल तर बी झोपूनच राहतं, फार झालं तर मरतं. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातच कोंब फुटतो.

  

कारलं, दोडका यांसारख्या जाड कवचाच्या, उशिरा उगवणाऱ्या बियांसाठी पेरॉक्साइडच्या पाण्यात भिजवण्याचा उपाय करून पाहण्याजोगा आहे. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा ‘20 व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे 6 टक्के. त्यातलं 5 मिली पेलाभर पाण्यात घालून बी काही तास भिजवायचं, मग स्वच्छ धुऊन पेरायचं. बीजकवचावरच्या बुरशीचे बीजाणूही यात काही प्रमाणात मरतात, त्यामुळे रोपं कोलमडण्याचं प्रमाण घटू शकतं. ट्रायकोडर्मा लावणार असाल तर तो धुतल्यानंतरच लावा, कारण पेरॉक्साइड उपयोगी बुरशीलाही मारतं. 35 टक्क्यांचं औद्योगिक द्रावण घरात आणूच नका, त्याने कातडी भाजते.

बाटली अंधारात, थंड जागी ठेवा. ती जुनी असेल तर कच्च्या बटाट्याच्या कापावर थेंब टाका. बटाट्यातही कॅटालेज असतं. फेस आला नाही तर बाटलीत आता पाणीच उरलं आहे.