काकूंना रॉड, आईचा गोळा: असं का?

"समोरच्या काकूंना नुसता रॉड टाकला आणि आमच्या आईचा गोळाच बदलला. दोघी बाथरूममध्येच घसरल्या होत्या ना?" परवा एका परिचितांनी विचारलं. मनात बिलाची शंका होती. उत्तर एक्स-रेत होतं. दोघींचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं, पण काकूंचं आईच्यापेक्षा जेमतेम दोन इंच खाली.

मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली बारीक मान, मानेखाली बाहेरून हाताला लागणारा उंचवटा. आता रक्त कुठून येतं ते बघा, कारण सगळं त्यातच आहे. वाटीच्या बाजूने गोळ्यात शिरणारी धमनी मोठ्या माणसांत नाममात्र असते. खरा पुरवठा खालून होतो. मांडीतल्या धमनीची एक शाखा मानेच्या बुडाशी वळसा घालते आणि तिच्या बारीक फांद्या मानेला चिकटून वर चढतात, भिंतीवर वेल चढावी तशा. आईच्या हाडासारखी ही मान मोडून सरकली की ही वेलच तुटते. त्यात मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते. तिथे रक्त साचलं की दाब वाढतो आणि वाचलेल्या वाहिन्याही दबतात. मग स्क्रू कितीही नेमका बसवला तरी उपाशी गोळा पुढे मरून खचू शकतो. तरुण माणसात तरीही तो वाचवायचा प्रयत्न करतात. सत्तरीतल्या आईवर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येऊ नये म्हणून तो सहसा बदलतात.

काकूंचं फ्रॅक्चर पिशवीबाहेर, उंचवट्यापाशी होतं. तिथलं हाड स्पंजासारखं असतं, भोवतीच्या स्नायूंतून भरपूर रक्त येतं, ते जुळतं. फक्त जुळेपर्यंत घट्ट धरून ठेवावं लागतं. रॉड किंवा प्लेट-स्क्रू त्यासाठीच.

नुसता गोळा बदलायचा की वाटीही? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हेल्थ' चाचणीत पन्नाशीपुढच्या सुमारे १,५०० रुग्णांवर दोन्ही पद्धती पारखल्या. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण वाटीसकट पूर्ण सांधा बदललेल्यांत ७.९ आणि नुसता गोळा बदललेल्यांत ८.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पूर्ण सांधा बदललेल्यांची हालचाल किंचित बरी होती. म्हणून आधी छान हिंडणाऱ्या माणसाला तो सुचवतात. सगळ्यांनाच हवा असं नाही.

तेल चोळून तुटलेली रक्तवाहिनी जुळत नाही. "या वयात ऑपरेशन कशाला" म्हणत म्हाताऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पाडून ठेवलं, तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात. त्या परिचितांची आई ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी राहिली. काकूही.